मणिबेलीत घर बांधायचं तर

महाराष्ट्र विधानसभेचा क्रमांक १ चा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. निवडणूक आली की मतदान यंत्रं घेऊन कर्मचारी बोटीनं इथं पोचतात आणि गावाचं नाव वर्तमानपत्रांत झळकतं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर हे गाव आहे. सरदार सरोवराच्या भिंतीकडून नदीनं वर येऊ लागलं की महाराष्ट्राच्या हद्दीत पहिलं लागतं ते हेच. १९९३ च्या पावसाळ्यात धरणाचं पाणी इथं शिरलं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पुढे याच पाण्याखाली गेलं. जागतिक बँकेनं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, अशी मागणी १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी केली. त्या निवेदनाला नाव मिळालं 'मणिबेली घोषणापत्र'.

एवढं नाव झालेल्या या गावाबद्दल इथं एक साधा प्रश्न विचारायचा आहे. मणिबेलीच्या एखाद्या पाड्यावर कुणाला नवं घर बांधायचं असेल, तर कायदा त्याला काय काय विचारतो?

समजा, तडवी किंवा वसावे आडनावाचं एक आदिवासी कुटुंब आहे. थोरल्या मुलाचं लग्न झालं, त्याला वेगळं राहायचं आहे. बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या उभ्या करायच्या. बांधकामाचा कायदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा, आर्किटेक्ट, नगरपालिकेचा शिक्का येतो. या मुलाच्या वाटेत यातलं बहुतेक काही नाही; पण म्हणून कायदा नाही, असंही नाही. उलट पाच-सहा वेगवेगळे कायदे वेगवेगळ्या खात्यांतून त्याच्या अंगणात येतात. घर कुठं आहे, जमीन कुणाची, कागद कुठला, लाकूड कुठून आणलं, हे ते बारकाईनं विचारतात. घर धड उभं राहील का, हा प्रश्न मात्र जवळपास कुणीच विचारत नाही. ते कसं, ते क्रमानं पाहू.

पहिला प्रश्न: पाण्यापासून किती वर?

या गावातल्या घरांसाठी सर्वांत नेमका नियम कुठल्याही इमारत नियमावलीत सापडत नाही. तो नर्मदा जलविवाद लवादाच्या डिसेंबर १९७९ च्या निवाड्यात आहे. निवाड्यानं धरणाची पूर्ण जलाशय पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली आणि महापुराच्या वेळची कमाल पातळी ४६० फूट धरली. मग शेतासाठी एक आणि घरासाठी दुसरी अशा दोन रेषा आखल्या. खासगी मालकीची जमीन ४५५ फुटांपर्यंतच संपादित करायची. पण इमारती आणि त्यांच्या लगतची जागा ४६० फुटांपर्यंत, शिवाय फुगवट्याचं पाणी जिथं पोचेल तिथपर्यंतही घ्यायची.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. शेतावरून चार दिवस पाणी गेलं तर नुकसान एका पिकाचं. घरात चार दिवस पाणी राहिलं तर घर गेलं. म्हणून घराला पाच फूट जास्त उंचीचा दिलासा.

पण ही रेषा कागदावर एका जागी स्थिर असली, तरी पाणी तिथं एकदम आलं नाही. धरण टप्प्याटप्प्यानं वाढलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बांधकाम ८०.३ मीटरवर थांबलं. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर ते ९० मीटरपर्यंत गेलं, २००६ मध्ये १२१.९२ मीटरपर्यंत. १२ जून २०१४ रोजी पूर्ण उंचीची परवानगी मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. पहिलं पाणी शिरलं तेव्हापासून ही सव्वीस वर्षं झाली. डोंगरातच राहण्याचा निर्णय घेतलेल्या माणसाला एवढ्या काळात घर कुठं बांधायचं, याचं उत्तर पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. मेढी उपटायच्या, कौलं उतरवायची, उतारावर आणखी वर चढायचं. लाकूड-बांबूचं घर असं उचलून नेता येतं. विटा-सिमेंटचं नेता येत नाही. पाण्याची पातळी हलती असताना हलतं घरच शहाणपणाचं होतं, हे बाहेरच्या माणसानं लक्षात घ्यायला हवं.

दुसरा प्रश्न: जमीन कुणाची?

महाराष्ट्रात घराचा कायदा जमिनीच्या कागदापासून सुरू होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गावाच्या वस्तीची जागा म्हणजे गावठाण. त्याची हद्द जिल्हाधिकारी ठरवतो. गावठाणात घर बांधायला अकृषिक परवानगी, म्हणजे ज्याला सगळे 'एनए' म्हणतात ती, लागत नाही. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर राहतं घर बांधायचं, तर जमिनीचा वापर बदलण्याचा प्रश्न येतो. नंतरच्या सुधारणेनं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी ही वाट बरीच सोपी केली.

ही सगळी मांडणी देशावरच्या गावासाठी जुळते. तिथं मध्ये दाट वस्ती आणि भोवती शिवार असतं. सातपुड्यातलं गाव असं नसतं. इथं गाव म्हणजे पाडे, आणि पाडा म्हणजे आपापल्या शेतात, उतारावर, एकमेकांपासून सुटी उभी असलेली घरं. वस्ती आणि शिवार इथं एकमेकांत मिसळलेलं आहे. त्यामुळे 'गावठाणापासून २०० मीटर' हे माप अशा पाड्यांच्या फारसं उपयोगी पडत नाही. २०२० पासून देशभर स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून घराच्या मिळकत पत्रिका दिल्या जातात. ती योजनाही गावठाणापुरती आहे.

मग उरतो वनजमिनीचा प्रश्न. या डोंगरातली बरीचशी कसलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या वनखात्याच्या दप्तरी 'अतिक्रमण' म्हणूनच होती. घरही त्याच जमिनीवर, म्हणजे तेही अतिक्रमण. हे चित्र बदललं ते वनहक्क कायदा, २००६ मुळे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, कसण्याचा आणि राहण्याचा हक्क या कायद्यानं मान्य केला. हा हक्क वारशानं जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो.

आपल्या कुटुंबातल्या थोरल्या मुलाची अडचण इथं नीट दिसते. वनहक्कात मिळालेल्या वडिलांच्या पट्ट्यावर वडिलांचं घर आहे, ते कायदेशीर. मुलाचं नवं घर त्याच पट्ट्यावर उभं राहिलं तर कसायची जमीन तेवढी कमी होते. पट्ट्याबाहेर बांधलं तर ते नवं अतिक्रमण. लोकसंख्या वाढली की गाव वाढतं, पण वनजमिनीवरच्या गावाला वाढायला जागाच ठेवलेली नव्हती. २३ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून या कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला. मूळ कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं थोडी वनजमीन देण्याची सोय होती; एका कामाला एक हेक्टरहून कमी, आणि हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडायची नाहीत. राज्यपालांच्या अधिसूचनेनं घरांसाठीच्या जागेचीही त्यात भर घातली. राहायला जागा नाही म्हणून माणसांनी गाव सोडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

अक्कलकुवा आणि शेजारचा अक्राणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट त्यात आहे. घराच्या जागेचा खरा निर्णय कुठं व्हायला हवा याचं उत्तर कायद्यातच आहे: ग्रामसभेत.

तिसरा प्रश्न: परवानगी कोण देतं?

जागा ठरली की महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ समोर येतं. गावाच्या हद्दीत ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत उभारू नये, असं ते सांगतं. त्याच्या जोडीला आता एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. डिसेंबर २०२० मध्ये ती लागू झाली. मुंबई महापालिका आणि आणखी काही मोजके भाग वगळता राज्यभर एकच नियमावली असावी, असा हा प्रयत्न.

ग्रामीण भागासाठी तिनं वाट मोकळी केली आहे. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला वेगळी परवानगी नको. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, आणि नकाशा नियमांप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांसाठी ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं.

ही सवलत खरोखर चांगली आहे, पण ती दोन गोष्टी गृहीत धरते. पहिली, मालकीचा कागद. तो इथं किती अवघड आहे ते आपण पाहिलं. अनेकांकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा असतो. पण ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. दुसरी, परवानाधारक अभियंता. तालुक्याच्या गावाहून अभियंता आणायचा, दोन खोल्यांचा नकाशा काढून घ्यायचा आणि त्याची फी द्यायची, हे या कुटुंबाला झेपणारं नाही. त्यामुळे नियम सोपा झाला तरी त्याचा लाभ पाड्यापर्यंत पोचत नाही आणि घर नियमाला वळसा घालून उभं राहतं.

याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात ज्या डोंगरी जमिनीचा उतार १:५ किंवा त्याहून जास्त आहे, तिथं कसलंही बांधकाम, खोदाई किंवा भराव करता येत नाही. १:५ म्हणजे शंभर मीटर चालल्यावर वीस मीटर चढ, अंशांत सांगायचं तर जेमतेम ११ अंश. लोणावळा-पाचगणीच्या बाजूला टेकड्या पोखरून बंगले उभे राहिलेले ज्यांनी पाहिले, त्यांना हा नियम किती गरजेचा आहे हे सांगावं लागणार नाही. पण ११ अंशांहून कमी उतार शोधत सातपुड्याच्या कड्याकपारीत फिरून पाहा. सपाट जमीन नदीकाठी होती आणि ती पाण्याखाली गेली.

म्हणजे मणिबेलीसारख्या गावात घराची जागा चारी बाजूंनी आवळत जाते. खाली ४६० फुटांची रेषा, आजूबाजूला वनाची हद्द, वर उताराचं बंधन, आणि गावठाण या शब्दात न बसणारी वस्ती. प्रत्येक नियमाला स्वतंत्रपणे पाहिलं तर कारण आहे. सगळे एका नकाशावर मांडले, तर माणसाला राहायला कायदेशीर जागा किती उरते, हे पाहणं कुठल्याच एका खात्याचं काम नाही.

चौथा प्रश्न: घर कशाचं?

इथलं जुनं घर डोंगरातल्याच मालातून उभं राहतं. सागाच्या मेढी, वर आडवी लाकडं, बांबूच्या पट्ट्या विणून केलेला कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, छपराला कौलं. एका घराच्या उभारणीला पाड्यातली माणसं मजुरी न घेता येतात आणि पुढे त्यांच्या कामाला हे घरमालक जातात.

शहरातल्या घरमालकाला सिमेंटची गोणी विकत घेताना कुठल्या खात्याची भीती वाटत नाही. इथं मात्र मालच वनकायद्याच्या कक्षेत येतो. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे, झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा. वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. २०१७ मध्ये वनाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला गेला. त्यामुळे बांबू बराच सुटला. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात येत नाही. सागाची एक मेढ कुठून आणली, याचं उत्तर अजूनही द्यावं लागतं.

दुसऱ्या बाजूनं, सरकारी मदत मिळते ती 'पक्क्या' घराला. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणची पात्रता ठरवण्यासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत भिंत कच्ची की पक्की, छप्पर कच्चं की पक्कं, हे मोजलं गेलं. कूड आणि माती कच्च्यात गेली. लाकडाला वनखात्याचा अडसर आणि विटा-सिमेंटला अनुदान, असं दोन्हीकडून ढकलल्यावर घरबांधणीचं वळण कुठं जाणार हे उघड आहे. खरं तर या योजनेतली पक्क्या घराची व्याख्या मालाचं नावही घेत नाही. माफक देखभाल केली तर निदान तीस वर्षं ऊन-पाऊस आणि वापर सोसेल असं घर, एवढंच ती म्हणते. नीट वाळवलेला, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेला बांबू, दगडी जोत्यावर उचललेल्या मेढी आणि पुढे काढलेलं छप्पर असलेलं घर या कसोटीला उतरू शकतं. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूच्या रचनेवर स्वतंत्र विभाग आहे, आणि बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक १५९१२ आहे. देशाच्या मानकांना बांबूचं घर मान्य आहे. ते गरिबांच्या योजनेतही मान्य व्हायला हवं.

पाचवा प्रश्न: घर उभं राहील का?

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. भारतीय मानक ब्युरोचा हा ग्रंथ जाडजूड आहे, पण तो मुळात शिफारशीचा आहे. राज्यानं किंवा स्थानिक संस्थेनं स्वीकारला तरच बंधनकारक होतो. शहरात महापालिकेचा अभियंता निदान कागदावर तरी तो लागू करतो. पाड्यावर संहिता आहे, पण ती घेऊन येणारा माणूस नाही.

याची किंमत महाराष्ट्रानं एकदा मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसं दगावली. जाड दगडी भिंती, चिखलाचे सांधे, वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. तोवर तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. २००२ मध्ये तो सर्वांत खालचा पट्टा मानकातूनच काढून टाकण्यात आला.

नर्मदेचं खोरं भूकंपाला नवखं नाही. नदीच्या वाटेनं भूस्तरातला एक जुना दुभंग जातो. २३ मार्च १९७० रोजी भरूचला आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला त्यानं धक्के दिले आहेत. मणिबेलीचं जुनं घर हलकं आहे. मेढी आणि आडवी लाकडं बांधणीनं जोडलेली असतात, कूड फाटला तरी तो कुणाच्या छातीवर दगडासारखा पडत नाही. ते घर सोडून माणूस चार इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब घालायला गेला, आणि कोपऱ्यांत गज किंवा दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा घातलाच नाही, तर नव्या 'पक्क्या' घराचा धोका जुन्यापेक्षा वाढू शकतो.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. मातीच्या घरांसाठी भारतीय मानक १३८२७ आणि दगड-विटांच्या कमकुवत बांधकामासाठी १३८२८ ही दोन्ही मानकं १९९३ चीच आहेत. त्यांतलं सांगणं कुठल्याही गवंड्याला अर्ध्या दिवसात समजेल असं आहे. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली भिंतीभोवती सलग पट्टा घाला. दारं-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १२० सेंटिमीटरला बसवा, म्हणजे भिंतीचे दोन थर सुटणार नाहीत. छप्पर हलकं ठेवा.

सहावा प्रश्न: पैसा कुणाचा, तपासणी कुणाची?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ व अवघड भागात १.३० लाख रुपये ठरले. याशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं हवं. आदिवासी विकास विभागाच्या शबरी घरकुल योजनेतही घराचं माप हेच. ठेकेदार लावायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, हे आवास योजनेचं तत्त्व फार मोलाचं आहे.

सपाट आणि डोंगराळ दरांत फरक मात्र दहा हजारांचा. महामार्गावरच्या गावात ट्रक दारात रिकामा होतो. मणिबेलीला सिमेंट, लोखंड, पत्रे बोटीनं किंवा घाटवाटेनं आणायचे आणि तिथून डोक्यावरून पाड्यावर न्यायचे.

हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना बांधलेले असतात. जोतं झालं, भिंती चढल्या, छप्पर घातलं, की जागेच्या नोंदीसह फोटो काढून तो प्रणालीवर चढवायचा, मग पुढचा हप्ता. घर आहे, याच जागी आहे, इतकं झालंय, हे फोटोत कळतं. पट्ट्यात गज किती घातले, कोपरा बांधला का, सिमेंटला पाणी मारलं का, हे फोटोत दिसत नाही. पैशाचा गैरवापर रोखण्यासाठी ही तपासणी आखली गेली आणि ते काम ती करते. घराच्या मजबुतीची तपासणी वेगळी असते. ती जोत्याजवळ उभं राहूनच करावी लागते.

हे करता येतं, याचं उदाहरण नेपाळनं घालून दिलं आहे. २०१५ च्या भूकंपानंतर तिथं घरमागे तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले गेले आणि हप्त्याआधी तांत्रिक माणूस घरापर्यंत जाऊन पाहणी करत असे. निवडायला नमुना घरांचे आराखडे होते आणि त्यांत दगड-मातीचीही घरं होती. आपल्याकडेही किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती-मजबुती लोकांनी स्वतः केली आणि गावोगावी 'संवाद सहायक' नेमले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दर्जा कसा ओळखायचा, गवंड्याला काय विचारायचं, हे त्यांनी घराघरांत पोचवलं.

डोंगर उतरलेल्यांचं घर

मणिबेलीतले सगळेच डोंगरात राहिले नाहीत. महाराष्ट्रातल्या ३३ बुडीत गावांपैकी ९ अक्कलकुव्यातली आणि २४ अक्राणीतली. त्यांतल्या अनेक कुटुंबांसाठी तळोद्याच्या जंगलातली ४,२०० हेक्टर जमीन १९९० आणि १९९४ अशा दोन टप्प्यांत मोकळी करण्यात आली आणि तिथं वसाहती उभ्या राहिल्या.

या वसाहतींसाठी लवादाच्या निवाड्यानं जणू एक छोटी नगररचनाच लिहून ठेवली होती. दर कुटुंबाला घरासाठी ६० बाय ९० फुटांचा भूखंड मोफत. शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. पाचशे कुटुंबांमागे पंचायत घर, दवाखाना, बियाण्यांचं कोठार, मुलांची बाग आणि तळं. पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर, गुरांसाठी हौदासह, आणि एक पार. प्रत्येक वसाहत मुख्य रस्त्याला जोडलेली. घरांच्या जागा पाणी चढण्याच्या एक वर्ष आधी तयार हव्यात.

६० गुणिले ९० म्हणजे ५,४०० चौरस फूट. आजच्या घरकुलाचं माप त्याच्या विसाव्या हिश्शाइतकं. दोन्ही मापांचा हेतू वेगळा आहे, हे खरं. पण १९७९ च्या निवाड्याला हे कळलं होतं की शेतकऱ्याचं घर म्हणजे नुसत्या दोन खोल्या नव्हेत. गोठा, खळं, परसातला भाजीपाला, कोंबड्या आणि उद्या वेगळ्या होणाऱ्या मुलाची खोली, हे सगळं मिळून घर होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावासाठी २५ सुविधांची यादी घातली, ती याच वाटेवरची पुढची पायरी.

मग करायचं काय?

इतकं पाहिल्यावर मला ठामपणे वाटतं की मणिबेलीला आणखी एका कायद्याची गरज नाही. आहेत ते कायदे एका जागी बसवण्याची गरज आहे, आणि ती जागा ग्रामसभा आहे.

पहिलं काम नकाशाचं. ४६० फुटांची रेषा, मंजूर वनहक्क पट्टे, सामूहिक वनहक्काची हद्द आणि जास्त धोक्याचा उतार हे चारही एका नकाशावर आणून ग्रामसभेला द्यावेत आणि रेषा जमिनीवर दगड रोवून दाखवाव्यात. म्हणजे घरं वाढवायला जागा कुठं आहे हे गावालाच दिसेल, आणि २०२० च्या अधिसूचनेखालची शिफारस डोळसपणे करता येईल.

दुसरं, आराखड्यांचं. सागाच्या मेढी आणि बांबूच्या कुडाचं सुधारलेलं घर, दगडी जोत्याचं घर आणि विटांचं घर असे तीन-चार नमुने चित्रांसह तयार करून ते आधीच प्रमाणित करून ठेवावेत. त्यांतला कुठलाही निवडला की वेगळा नकाशा नको, अभियंत्याचा दाखला नको, आणि ते घर अनुदानाच्या दृष्टीनं पक्कं. लाकडासाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर ठरावीक घनफळ मिळण्याची सोय हवी.

तिसरं, माणसाचं. आवास योजनेत गवंडी प्रशिक्षणाची सोय आहेच. पाड्यातल्याच तरुण-तरुणींना ते देऊन त्यांच्यावर जोतं, लिंटेल आणि छप्पर या तीन टप्प्यांची पाहणी सोपवावी आणि प्रत्येक पाहणीचा मेहनताना द्यावा. फोटोबरोबर त्यांचा अभिप्राय लागला, तरच हप्ता सुटावा.

धरणाच्या भिंतीत ओतलेल्या काँक्रीटची चाचणी झाली, कारण ती भिंत फुटली तर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. त्या धरणासाठी ज्या गावानं नदीकाठ दिला, त्या गावातल्या घराची भिंत किती मजबूत आहे, हे पाहायलाही शासनानं तितक्याच गांभीर्यानं माणूस पाठवला पाहिजे. वनाची हद्द मोजायला मणिबेलीत माणूस येतो, मतदान यंत्र घेऊनही येतो. जोत्याची पाहणी करायलाही तो येऊ शकतो.